वद्य पंचमीचा फणस

आज सकाळी गोविंदने कारखान्याच्या दारातूनच विचारलं, "वैनी, मालगुंडच्या नव्या कामाला फणस घेऊया काय?" आणि मी त्याच्यावर खेकसले. दहा वर्षं तुमच्या शेजारच्या बाकावर रंधा मारणारा माणूस. त्याने काय घोडं मारलं होतं माझं? तो जाऊन पटाशीला धार लावायला बसला. मी घरात आले आणि वही काढली.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, वन्संना काल देवरूखच्या एसटीत बसवून दिलं. आपली शुभा आजपासून कॉलेजला जायला लागली. घर रिकामं आहे, आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे, पण सहा वर्षांत जी तोंडातून निघाली नाही ती आता एका दमात कशी निघेल? मला जरा वळसा घालून येऊ द्या. तुम्हीच म्हणायचात ना, हिच्याकडे चिंच मागितली तर आधी झाडाची गोष्ट सांगते.

समाचाराला आलेला प्रत्येक माणूस एकच बोलून गेला, "असा सुतार पुन्हा होणे नाही." ऐकून ऐकून मला वीट आला. असा म्हणजे कसा, ते त्यांना काय ठाऊक? जेवताना भाताची मूदसुद्धा कोपऱ्याकोपऱ्याने, काटकोनात खाणारा माणूस त्यांनी पाहिला होता काय? दुसऱ्याच्या घरी गेलं की यजमानांच्या तोंडाकडे न बघता दाराच्या बिजागरीकडे बघणारा? माझ्या मावशीकडे पहिल्यांदा नेलं तेव्हा तुम्ही पोहे हातात घेऊन तिच्या कपाटाखाली वाकला होतात. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावय चांगला हाय गो, पण त्याचं काय हरवलंय काय?"

मुंबईचं काम सोडून तुम्ही परत आलात तेव्हा मी चिडले होते. आमच्या गावात पोरं मुंबईला जातात, परत येत नाहीत, आणि माझा नवरा उलटा निघालेला. तुम्ही म्हणालात, "प्लायवूडवर कागद डकवून डकवून माजे हात खोटे झाले. घरी जाऊन खरं काम करायचंय." रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला कौलारू छप्पर भाड्याने घेतलंत. पहिले सहा महिने कामं कसली, तर पाट, पोळपाट आणि एक मोडका पाळणा. मी माहेरी सांगायचे, कारखाना चांगला चाललाय. खोटं बोलायची सवय मला तेव्हापासूनची असेल.

मग हेडमास्तरांच्या खुर्च्या झाल्या. सहा खुर्च्या दिल्यात आणि आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला की एक खुर्ची डुगडुगते. दुसरा कोणी असता तर पायाखाली पुठ्ठा लावा म्हणाला असता. तुम्ही सहाच्या सहा खुर्च्या हातगाडीवर घालून परत आणल्यात, सपाट फरशीवर मांडल्यात, गुण्या लावून काटकोन तपासलेत. सगळ्या बरोबर. मग तुमच्या लक्षात आलं की वाकडी होती ती हेडमास्तरांची जमीन. तुम्ही खुर्च्या घेऊन गेलात, आणि जाताना चोपणं घेऊन गेलात. दोन दिवस बसून त्यांची ओटीची जमीन चोपलीत, सारखी केलीत, वर सारवण त्यांच्या बायकोकडून करून घेतलंत. सुतार येऊन जमीन करून गेला, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनी घराघरांत नेली. मला त्या दिवशी तुमची लाज वाटली होती. महिन्याभराने कामं येऊ लागली तेव्हा ती लाज कुठे गेली कोण जाणे.

कामं वाढली तशी मी पॉलिशला बसले. आठवतं? लाख स्पिरिटमध्ये किती वेळ भिजवायची, बोळा किती ओला ठेवायचा, हात कसा गोल फिरवायचा, कुठे थांबायचं नाही. तुम्ही शिकवलंत ते ओरडून ओरडून. मी दोनदा बोळा तुमच्या अंगावर फेकला. पण गिऱ्हाईक येऊन कपाटावरून हात फिरवून वाहवा करायला लागलं की तुम्ही लगेच म्हणायचात, "लाकूड माजं, चमक हिची." परक्या माणसांसमोर नवरा बायकोचं कौतुक करतो हे आपल्याकडे कुठे असतं? मी आत जायचे, पण कान बाहेर ठेवायचे. त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही. आता बोलते. त्या चार शब्दांवर मी किती दिवस काढले, तुम्हाला कल्पना नाही.

आणि तुमचे नियम! आपल्या कारखान्यात लांबीचा डबा नव्हता. सांध्यात फट राहिली तर बाकीचे सुतार लांबी भरतात, वर रंग मारतात. तुम्ही तो तुकडाच जळणात टाकायचात. आपल्या चुलीत इतका साग जळला की शेजारीण म्हणायची, तुमच्या भाताला वेगळीच चव. आणि दुसरा नियम पंचांगाचा. झाड पाडायचं ते वद्यात. शुद्ध पक्षात पाडलेल्या लाकडाला तुम्ही हात लावायचा नाहीत. लाकूडवाल्यावर विश्वास नको म्हणून उभं झाड बघायला स्वतः जायचात, गावोगाव, आणि तिथी सांगून यायचात.

"शुद्धात झाडात पाणी चढतं," तुम्ही मला समजवायचात. "चंद्रासंगती चढतं. त्या पाण्याला गोडी असते, आन् गोडीवर किडा येतो. वद्यात झाड रिकामं असतं गो."

"चंद्राला दुसरा धंदा नाही काय," मी म्हणायचे, "तुमच्या फणसात पाणी भरत बसायला?"

तुम्ही हसायचात. मी अकरावीपर्यंत शिकलेली, तुम्ही चौथी. पंचांग बघून झाड तोडणारा नवरा ही माझी थट्टेची हक्काची जागा होती. त्या थट्टेपायीच पुढचं झालं.

आता वळसा संपला. सांगतेच.

मालगुंडचे अण्णा मयेकर बोटीवरची नोकरी संपवून गावी आले आणि त्यांनी घर बांधायला काढलं. सगळ्या घराची दारं-खिडक्या आपल्याकडे दिल्या. एवढं मोठं काम तोवर आपल्याला मिळालं नव्हतं. बाकीचं लाकूड आपल्याकडे मुरलेलं होतं, पण पुढच्या दाराची चौकट आणि फळ्या तुम्हाला एकाच जुन्या फणसाच्या हव्या होत्या. तो फणस माझ्या माहेरी, देवरूखच्या पुढे, आमच्या काकांच्या आवाठात, घराच्या आवारातच, उभा होता. कार्तिक लागला होता. वद्यात झाड पाडायचं, चिरायचं, उन्हाळ्यापर्यंत वाळवायचं, वैशाखात चौकट बसवायची, असा तुमचा हिशेब. आणि तुम्ही तापाने पडलात. हिवतापाने दात वाजत होते तुमचे. म्हणालात, "तू जा. वसंताला समजावून सांग. पौर्णिमा होऊन जाऊ दे, मग पाड म्हणावं."

मी गेले. माझा भाऊ वसंता झाडाशी उभा होता आणि झाड तोडायला बोलावलेली माणसं कुऱ्हाडी घेऊन बसलेली होती. शुद्ध नवमी होती त्या दिवशी. मी पौर्णिमेचं सांगितलं, तर ती माणसं म्हणाली, आमाला परवा चिपळूणकडे जायचंय, दोन महिने परतणार नाय. वसंता म्हणाला, "ताई, ही माणसं गेली तर फणस हितंच ऱ्हायला. मग भावजींना सांग उन्हाळ्यात." त्यातला एकजण हसून म्हणाला, "झाडाला काय म्हाईत आज कंची तीथ हाय?" सगळे हसले. मीही हसले. माझ्या मनात घरी तापाने फणफणलेले तुम्ही होतात, अण्णांचं घर होतं, वास्तुशांतीचा ठरलेला मुहूर्त होता. पण खरं सांगते, त्याहून जास्त हे होतं की मलाही वाटत होतं, झाडाला काय माहीत?

मी म्हटलं, पाडा.

दोन दिवसांनी मी परत आले. तुमचा ताप उतरला होता. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, वसंताला सांगून आलेय, पौर्णिमेनंतर पाडील. तुम्ही मान हलवलीत आणि पेज प्यायलात. इतकं सोपं होतं. ट्रक मिळेपर्यंत ओंडके तिकडेच पडून राहिले आणि वद्य संपत आला तेव्हा रत्नागिरीत आले. तुम्ही काठी टेकत कारखान्यात गेलात. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलंत, नाक लावलंत. बराच वेळ तिथे वाकून होतात.

"कधी पाडलान?"

"वद्य पंचमीला," मी म्हटलं.

"आठवड्यात इतका सुकला? काप जुना दिसतोय गो."

"तिकडे ऊन कडक आहे यंदा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "असेल." आणि गोविंदला हाक मारलीत.

तेवढंच. तुमच्या डोळ्याने, तुमच्या नाकाने तुम्हाला बरोबर सांगितलं होतं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि माझा शब्द घेतलात. त्या क्षणी मला तोंड उघडता आलं असतं. फार तर तुम्ही ओरडला असतात, ओंडके चुलीत गेले असते, अण्णांना दुसरं दार मिळालं असतं. मी उघडलं नाही.

दार काय सुंदर झालं होतं! पिवळं, सोन्यासारखं, आणि मी त्याला लाखेचे अकरा हात दिले होते. वास्तुशांतीला अण्णांनी तुम्हाला देवासमोर बसवून शाल दिली. येताना एसटीत तुम्ही ती शाल माझ्या मांडीवर टाकलीत आणि गणपतीपुळ्याच्या उतारावर झोपी गेलात. मी शालीच्या काठाला हात लावत बसले होते. तेव्हा मला अपराधी वाटत होतं असं म्हणेन तर तेही खोटंच होईल. मला वाटत होतं, बघा, काही झालं नाही.

पुढच्या वर्षीचा पाऊस संपल्यावर अण्णांचं कार्ड आलं. उंबऱ्यापाशी पिठासारखा भुसा पडतोय, एकदा येऊन जा. आपण दोघं गेलो. तुम्ही चौकटीपाशी गुडघे टेकून बसलात. बारीक बारीक भोकं, डाव्या बाजूला खालून वर. तुम्ही तो भुसा बोटावर घेतलात, चोळलात, फुंकर मारलीत. मला वाटलं, आता मान वर करून माझ्याकडे बघतील. तुम्ही मान वर केलीत ती अण्णांकडे. शेजारपाजारची दहाएक माणसं जमली होती. त्यांच्यासमोर तुम्ही हात जोडलेत.

"चूक माजी, अण्णा. लाकूड मी ओळकलं नाय."

अहो, तुम्ही ओळखलं होतंत!

आठ दिवसांत तुम्ही ती चौकट काढलीत आणि नवी बसवलीत. शुभाच्या कपाटासाठी म्हणून तुम्ही एक जुनं सागाचं बहाल, जाडजूड तुळई, राखून ठेवलं होतं, तेच चिरलंत. अण्णा नको नको म्हणत होते. मी शेजारी उभी राहून तुम्हाला खिळे देत होते. अख्खा वेळ मी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्ही समजलात की मला बहालाचं वाईट वाटलं. "शुभाला दुसरं करू," असं म्हणालात. मला समजावत होतात तुम्ही.

आणि मग आपलं नाव झालं. आधी होतं ते चांगल्या कामाचं नाव होतं. आता झालं ते वेगळंच. दहा माणसांत हात जोडून चूक कबूल करणारा सुतार, आपल्या पोरीचं लाकूड चिरून देणारा सुतार, ही गोष्ट मालगुंडहून बाजारात आली आणि बाजारातून एसटीने सगळीकडे गेली. खेडहून एक डॉक्टर आले, सगळ्या दवाखान्याचं काम घेऊन. म्हणाले, मला तुमचं कौशल्य बघायचं नव्हतं, माणूस बघायचा होता. रंगीत टीव्ही आले, त्यांना सरकत्या दारांची कपाटं हवी झाली. लोक सहा सहा महिने थांबायला तयार. गोविंदच्या जोडीला आणखी तीन कारागीर आले, छपराची पक्की शेड झाली. लोकांना वाटलं, सचोटीचं फळ. आणि खरंच होतं ते. तुमच्या सचोटीचं. फक्त त्याच्या मुळाशी माझं खोटं होतं, आणि ते मला एकटीला ठाऊक होतं.

पण घरात काय झालं ते लोकांना दिसलं नाही. तुम्ही झाड बघायला जायचं सोडलंत. सरकारी डेपोतला साग आणायला लागलात, शिक्का असलेला. फणसाला तर तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. ज्या फणसाच्या लाकडाबद्दल बोलायला लागलात की जेवण निवायचं! फळीवर टिचकी मारायचात, कान लावायचात, पुन्हा मारायचात, आणि शेवटी गोविंदला विचारायचात, "तुला काय वाटतं रे?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा गोविंदच्या हातातली करवत थांबली. उभ्या आयुष्यात तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं. चांगलीचुंगली लाकडं परत पाठवायला लागलात. जोडलेला सांधा पुन्हा उकलून बघायचात. मी विजेचं रंधा-मशीन आणवलं, वेळ वाचेल म्हणून. ते तुम्ही फडक्याखाली झाकून ठेवलंत. त्यावरून आपण किती भांडलो. मी म्हणाले, "तुम्हाला काम वाढवायचंच नाही." तुम्ही म्हणालात, "हाताचा भरवसा नाय उरला, मशीनचा कुठून आणू?"

बोलण्यासारखं एकच होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा गणपतीत, तुम्ही मखराच्या पट्ट्या ठोकत होतात तेव्हा, मी म्हटलं, "तो मालगुंडचा फणस..." तुम्ही हातानेच मला थांबवलंत. "नको काढू गो तो विषय." मला सुटल्यासारखं झालं. सुटल्यासारखं! किती हलकट असतं माणसाचं मन. मागच्या वर्षी तुमच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, तेव्हा सरकारी दवाखान्यात मी खाटेशेजारी बसले होते, तेव्हाही मनाशी म्हटलं, आता सांगते. मग वाटलं, आजारी माणसाला कशाला? बरे झाल्यावर सांगू. बरे झालात. मग वाटलं, बरे झालेत, कशाला?

आधी भीती होती. मग धंदा त्या गोष्टीवर उभा राहिला, मग शुभाचं कॉलेज, कारागिरांची घरं. कारणांना काय तोटा?

आणि खरं सांगू? मला तुमचाही राग येतो. आजही येतो. तुम्ही मला एकदा तरी का विचारलं नाहीत? मालगुंडला गुडघे टेकून बसला होतात तेव्हा, येताना एसटीत, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत कधीही! "नक्की वद्यातच पाडला ना गो?" इतकंच. मी त्याच क्षणी सगळं ओकले असते. जो माणूस सहा खुर्च्या हातगाडीवर घालून परत आणतो, खुर्ची वाकडी की जमीन वाकडी हे दोन दोनदा तपासतो, त्याला बायकोचा शब्द एकदा तपासावासा वाटू नये? स्वतःच्या डोळ्यावर, नाकावर, वीस वर्षांच्या हातावर संशय घेतलात आणि माझ्यावर घेतला नाहीत. याला विश्वास म्हणतात हे मला कळतं. पण त्या विश्वासाखाली मी घुसमटले हो.

बाकी शुद्ध-वद्याचं खरं-खोटं मला अजून ठाऊक नाही. शुभा म्हणते, किडा कशालाही लागतो, चंद्राचा काय संबंध. असेल तिचं खरं. कदाचित तो फणस वद्यात पाडला असता तरी पोखरला असता. पण मग तुम्ही म्हणाला असतात, वद्यात पाडूनही किडा लागला, लाकडाचं काही सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी नवा फणस बघायला निघाला असतात. तुम्हाला फसवलं ते लाकडाने नाही.

तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा मयेकर आले. काठी टेकत, धाकट्या लेकाला घेऊन. पडवीत वन्सं होत्या, वसंता होता, गोविंद, शेजारची माणसं. अण्णांनी डोळे पुसले आणि तीच गोष्ट सांगायला घेतली: भुसा, चौकट, जोडलेले हात. सगळ्यांना पाठ होती तरी सगळे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "धाकट्याचं घर बांदतोय. दारं ह्याच कारखान्यातली. आन् वैनी, पुढचं दार फणसाचंच करा. तुमच्या माणसाची लय विच्छा होती."

मला काय झालं कळलं नाही. मी उठून उभी राहिले.

"अण्णा, ती चूक ह्यांची नव्हती," मी म्हटलं. "माझी होती. फणस शुद्धात पाडला. मी स्वतः उभी होते तिथे. ह्यांनी ओळखलं होतं, पण मी खोटं सांगितलं."

मग वन्संनी माझ्या दंडाला धरलं. "बस गो, बस. जीव जाग्यावर नाय तुजा."

"माझा जीव जागेवर आहे. वसंता, सांग ना. तू होतास. नवमी होती."

वसंताने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "मला नाय आठवत, ताई. लय वर्सं झाली त्येला."

अण्णा रडत होते. म्हणाले, "वैनी, नवऱ्याची चूक तुमी अंगावर घेताव, ही तुमची माया हाय. पण त्यानं सोता मला सांगितलान, हात जोडून. त्याचा शब्द मी खोटा मानू काय?"

तुमचा शब्द खोटा माना, असं म्हणू?

सगळे गेल्यावर वसंता विहिरीपाशी माझ्याजवळ आला. म्हणाला, "कशाला उकरतेस? गेला माणूस. नाव राहू दे की त्याचं." मी त्याला म्हटलं, नाव त्यांचंच राहील रे, उलट उजळेल, लाकूड ओळखणारा माणूस म्हणून. तो म्हणाला, लोकांना तो ओळखणारा नको आहे ताई, चूक कबूल करणारा पाहिजे. माझा भाऊ जन्मात एवढं शहाणं बोलला नव्हता.

आणि आता ऐका पुढची गंमत, तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. परवा गोविंद बाजारातून आला तो सांगत होता, लोक बोलतायत, सुताराची बायको पण नवऱ्यासारखीच, मेल्या नवऱ्याची चूक आपल्या नावावर घेते. दोन नवी कामं आली त्यावर. मी खरं बोलले, तर त्याचंही आपल्या कारखान्याला नावच मिळालं. तुम्ही इतकं पक्कं बांधून ठेवलंय की माझं खरं आत शिरायला कुठे फटच नाही.

म्हणून सकाळी गोविंदवर खेकसले. मघाशी त्याला चहा नेऊन दिला आणि सांगितलं, फणसच घेऊ, झाड बघायला मीच जाईन. तो हो म्हणाला. तो मला सगळ्यालाच हो म्हणतो, आणि त्या दिवशीचं पडवीतलं तेवढं सोडून सगळं खरं मानतो.

शुभालाही सांगून बघितलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसातून हात फिरवत राहिली, लहान मुलाला फिरवतात तसा. ती म्हणाली, "आई, होईल हळूहळू बरं." म्हणजे तिलाही नाही पटलं.

मी माझं खोटं सांगितलं तेव्हा तुम्ही काप बघत होतात, वास घेत होतात, सगळं त्याच्या उलट सांगत होतं, तरी एका शब्दात ते खरं मानलंत. माझं खरंही तुम्ही तसंच, एका शब्दात मानलं असतंत. ओरडला असतात, चार दिवस बोलला नसतात, पण मानलं असतंत. अख्ख्या रत्नागिरीत माझं हे खरं मानणारा तेवढा एकच माणूस होता, आणि सहा वर्षं तो रोज दोन वेळा माझ्या हातचं जेवत होता.